निवृत्तांचे देशांतर आणि सोबतीचा सेवाश्वान

दक्षिण आणि मध्य मुंबईतील मराठी मध्यमवर्गात गेल्या तीन-चार दशकांत एक नवे देशांतर रुजले आहे. व्हीजेटीआय, रुपारेल, रुइया, पोदार यांसारख्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेली मुले न्यू जर्सी, टोरांटो, लंडन किंवा मेलबर्न येथे स्थिर झाली. आणि त्यांच्यामागे दादरच्या हिंदू कॉलनीत, गिरगावच्या चाळीत अथवा लालबाग-परळच्या पुनर्विकसित इमारतीत राहिलेले आईवडील, निवृत्तीनंतर प्रथम नातवंडाच्या जन्मानिमित्त, पुढे दरसाल सहा महिने, आणि शरीर थकल्यावर कायमचे, त्याच वाटेने जाऊ लागले. या प्रवाहात संख्येने लहान, परंतु ज्याची अडचण अत्यंत खरी आहे असा एक वर्ग आहे. दृष्टी गेलेला, ऐकू न येणारा, कंपवाताने चालताना तोल जाणारा किंवा रक्तातली साखर अकस्मात उतरणारा असा हा वृद्ध मनुष्य आपल्या दैनंदिन स्वातंत्र्यासाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्यावर विसंबून असतो, आणि त्या कुत्र्यावाचून स्थलांतर करणे म्हणजे काठी व चष्मा घरी ठेवून परमुलुखात उतरणे होय, हे त्याच्या मुलांनाही पुष्कळदा उमगत नाही. अशा माणसाला आपल्या श्वानासह परदेशी वास्तव्यास जाता येते काय, येत असल्यास कोणत्या अटींवर, आणि जाणे कितपत शहाणपणाचे, या प्रश्नाच्या सर्व बाजूंचा एकत्र विचार मराठीत फारसा झालेला नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पत्नीच्या वा पतीच्या निधनानंतर ज्या कुत्र्याच्या सहवासाने घर सुसह्य होते, तो मनाचा आधार असतो आणि त्या आधाराचे मोल मी कमी लेखत नाही. रुग्णालयांत व विशेष शाळांत नेऊन ज्यांच्या स्पर्शाने रुग्णांस व मुलांस उभारी दिली जाते, असे उपचारश्वानही मुंबईला अपरिचित नाहीत, आणि अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्थेने ते काम येथे पुष्कळ वर्षे केले आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने सेवाश्वान तोच, ज्याला विशिष्ट व्यक्तीच्या विशिष्ट अपंगत्वाशी संबंधित असे विशिष्ट काम शिकवलेले आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने जानेवारी २०२१ पासून विमानप्रवासापुरती ही रेषा कठोरपणे आखली आणि केवळ भावनिक आधारासाठी बाळगलेल्या प्राण्यास सेवाश्वानाचे हक्क नाकारण्याची मुभा विमान कंपन्यांना दिली. मानसिक व्याधीसाठी प्रत्यक्ष शिक्षण दिलेला कुत्रा मात्र सेवाश्वानच राहिला. पाळीव कुत्र्याला बाजारातला पट्टा घालून सेवाश्वान म्हणवणारे लोक खऱ्या गरजवंताचा मार्ग अरुंद करतात, म्हणून या भेदाविषयी ढिलाई नसावी.

सेवाश्वानाची आधुनिक परंपरा पहिल्या महायुद्धातून जन्मली. विषारी वायूने अंध झालेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे डॉ. गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी पहिली शाळा काढली. १९२७ साली डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतील अशा कामावर लिहिलेला लेख ऐकून मॉरिस फ्रँक हा अंध तरुण त्यांच्याकडे गेला, आणि १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था अस्तित्वात आली. इंग्लंडमध्ये १९३१ साली अंध व्यक्तींच्या हाती पहिले श्वान सोपवले गेले. याच शतकात आपल्या मुंबईतही अंधशिक्षणाचा पाया घातला जात होता: १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी सुरू केलेली, आज कमला मेहता यांच्या नावाने चालणारी दादरची अंधशाळा, ताडदेवची १९०२ ची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, आणि १९५२ साली स्थापन झालेला राष्ट्रीय अंध संघ. एवढी संपन्न परंपरा असलेल्या शहरात मार्गदर्शक श्वानाची परंपरा मात्र रुजली नाही, आणि त्याची कारणे लालबागच्या कोणत्याही गल्लीत उभे राहिले असता दिसतात. पदपथ फेरीवाल्यांनी व दुचाक्यांनी व्यापलेले, रस्ता ओलांडण्याच्या जागी वाहन थांबेलच याची हमी नाही, आणि प्रत्येक नाक्यावर आपल्या हद्दीचे रक्षण करणाऱ्या भटक्या कुत्र्यांची टोळी. जो श्वान मालकास वाट दाखवायचा, त्याला पावलोपावली स्वतःचेच रक्षण करावे लागते.

कायद्याची स्थितीही तितकीच अपुरी आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो आणि सार्वजनिक स्थळी सुगम प्रवेशाचे तत्त्व मांडतो, पण सेवाश्वान कोणास म्हणावे, त्याला कोणी शिकवावे व प्रमाणपत्र कोणी द्यावे, याविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत अपंग प्रवाशासोबत शिक्षित मदतनीस कुत्र्याला कक्षात घेण्याची तजवीज आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यास सरसकट मनाई करता येत नाही. महानगरपालिकेचा वार्षिक परवाना तर कोणत्याही कुत्र्याला लागतोच. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तरी त्यांतून श्वानाची कायदेशीर ओळख निर्माण होत नाही. परिणामी दादरचा एखादा निवृत्त अधिकारी, खाजगी शिक्षकाकडून उत्तम तयार करून घेतलेला लॅब्रेडॉर घेऊन परदेशी विमानतळावर उतरतो, तेव्हा त्याच्या हाती श्वानाच्या निरोगीपणाचे दाखले असतात. त्याच्या शिक्षणाविषयी मात्र त्याच्या शब्दापलीकडे काही नसते.

निरोगीपणाच्या दाखल्यांचा विषय निघाला म्हणजे परळकडे वळणे भाग आहे, कारण या प्रश्नाच्या बहुतेक गाठी ज्या एका रोगाभोवती, म्हणजे रेबीजभोवती, बांधलेल्या आहेत, त्या रोगाशी मुंबईचा झगडा परळच्या एका मैलाच्या परिसरात झालेला आहे. सर दिनशॉ माणकजी पेटिट यांच्या औदार्यातून १८८३ साली उभे राहिलेले बाई साकरबाई प्राणी रुग्णालय, त्याच्या लगतचे १८८६ चे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगसंशोधनासाठी १८९९ साली सुरू होऊन १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणारी संस्था, या तिन्हींनी माणसाच्या आणि जनावराच्या संसर्गजन्य रोगांचा विचार पिढ्यान् पिढ्या केला आहे. ज्यांच्या बालपणी कुत्रा चावला की पोटात चौदा सुया घेण्याची दहशत होती, त्या पिढीतलेच लोक आज निवृत्त होऊन परदेशी निघाले आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. शहराचे कुत्र्यांशी नाते त्याहूनही जुने आणि भावनांनी भारलेले आहे. १८३२ साली कंपनी सरकारच्या हुकुमाने भटके कुत्रे मारले जात असताना कोटातील पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मुंबईच्या इतिहासातला एक मोठा दंगा त्यातून घडला. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के, म्हणजे वर्षाला १८ ते २० हजार, भारतात होतात, आणि या एका वस्तुस्थितीमुळे जगातल्या बहुतेक देशांनी भारतातून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला, तो कितीही सुशिक्षित असो, संशयिताच्या रांगेत उभे केले आहे.

ही रांग देशाच्या नावाने लागते, प्रांताच्या नाही. गोव्याने गेल्या दशकभरात कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाची मोहीम चालवली, २०१८ पासून तेथे काही वर्षे माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. गिरगाव-धोबीतलावच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या गोवेकर कुटुंबांपैकी पुष्कळांना, आपण किंवा आपले आईवडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मल्यामुळे, पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते व युरोपात वास्तव्यास जाता येते. तथापि त्यांच्यासोबत निघालेला श्वान पणजीहून निघो वा मुंबईहून, युरोपीय संघाच्या लेखी तो भारतातूनच आलेला असतो आणि त्याला तेच नियम लागू होतात. गोव्याचे यश दाखल्यावर उमटत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. परंतु तो अन्याय दूर करण्याचा मार्ग साऱ्या देशाच्या लसीकरणातून जातो.

युरोपचे नियम येथे तपशिलाने सांगणे उचित, कारण अन्य देशांच्या नियमांचा सांगाडा थोड्याफार फरकाने तसाच आहे आणि बहुतेक प्रवासी त्याच्याच एका पायरीवर अडखळतात. श्वानाच्या कातडीखाली आंतरराष्ट्रीय मानकाची पंधरा अंकी मायक्रोचिप आधी बसली पाहिजे. तिच्यानंतर दिलेली रेबीजची लसच ग्राह्य धरली जाते. मुंबईत पिल्लाला लस नेमाने दिली जाते, पण चिप मात्र परदेशी जाण्याचे ठरल्यावर बसवली जाते, आणि मग पाच-सात वर्षांच्या सर्व लशी एका क्षणात कागदावरून पुसल्या जाऊन प्रारंभापासून मोजणी सुरू होते. लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून, युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असल्याचे सिद्ध करावे लागते. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटल्याशिवाय श्वानाला प्रवेश नाही. अखेरचा आरोग्यदाखला सरकारी पशुवैद्यकाचा लागतो, तो केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध व प्रमाणन सेवेच्या मुंबई कार्यालयाकडून मिळवावा लागतो, आणि त्याची प्रवेशापुरती मुदत दहाच दिवसांची असते. म्हणजे चिपेपासून विमानापर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ सहज जातो. यातली दिलासा देणारी बाब अशी की, पुढच्या लशी एकही तारीख न चुकवता दिल्या तर रक्ताची ती परीक्षा युरोपसाठी श्वानाच्या आयुष्यभर चालते. म्हणून ज्याला दहा वर्षांत केव्हाही जाण्याची शक्यता दिसते, त्याने व्हिसाची वाट न पाहता श्वान तरुण असतानाच ही परीक्षा उरकून अहवाल जपून ठेवावा. घरभाडे, विमा, बँकेची कामे आठवड्या-पंधरवड्यात होतात; प्रयाणाची तारीख खऱ्या अर्थाने श्वानाच्या रक्तावरून ठरते.

ब्रिटनही हेच तीन महिने मागतो आणि वर, आगमनापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत जंतावरील औषध दिल्याची नोंद मागतो. तेथे विमानाने येणारा सामान्य कुत्रा केवळ मालवाहतुकीतून येऊ शकतो. ठरलेल्या मार्गांवर कक्षात येण्याची सवलत मान्यताप्राप्त मदतनीस श्वानालाच आहे, आणि ही मान्यता प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक श्वान महासंघाच्या किंवा असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनलच्या सदस्य संस्थेने दिलेल्या शिक्षणावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या खाजगी शिक्षणाची उणीव येथे सर्वांत तीव्रतेने जाणवते.

अमेरिकेचा प्रकार निराळा आहे आणि मुंबईकरांचा ओघ तिकडेच अधिक असल्याने तो बारकाईने पाहिला पाहिजे. सार्वजनिक जागी वावरण्याच्या बाबतीत तो देश विलक्षण उदार आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली दुकानदाराला अथवा उपाहारगृहाला दोनच प्रश्न विचारता येतात, की हा श्वान अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. प्रमाणपत्र मागता येत नाही, आणि मालकाने स्वतः शिकवलेला श्वानही पात्र ठरतो. दादरच्या त्या अधिकाऱ्याला हा कायदा ब्रिटनपेक्षा अनुकूल आहे. सीमेवर मात्र हे औदार्य संपते. १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, रेबीजचा अधिक धोका असलेल्या देशांतून, ज्यांत भारत आहे, येणारा श्वान किमान सहा महिन्यांचा व चिपधारी असावा लागतो, लसीकरणाच्या प्रपत्रावर सरकारी पशुवैद्यकाची स्वाक्षरी लागते, आणि तेथील रोगनियंत्रण केंद्राकडे नोंदलेल्या प्राणिनिगा केंद्रात आधी जागा राखून, ते केंद्र ज्या मोजक्या विमानतळांवर आहे तेथेच त्याला उतरवावे लागते; रक्ताचा मान्य अहवाल नसेल तर तेथेच अठ्ठावीस दिवस ठेवावे लागते. विमानाने येणारा श्वान सेवाश्वान आहे एवढ्याने या अटी टळत नाहीत. तिकीट काढण्याआधी उतरण्याचा विमानतळ निश्चित करणे, हा यातला सर्वांत साधा आणि सर्वाधिक विसरला जाणारा धडा आहे. विमान कंपनी परिवहन खात्याचे प्रपत्र अठ्ठेचाळीस तास आधी मागू शकते, आणि आठ तासांहून लांब उड्डाणासाठी श्वान कक्षात घाण करणार नाही अथवा ती आरोग्यास बाधक न होऊ देता विसर्जन करू शकेल, अशी हमी मालकाला लिहून द्यावी लागते. मुंबईहून न्यूयॉर्कचे थेट उड्डाण याच्या जवळजवळ दुप्पट लांबीचे आहे. तेव्हा ही हमी कागदापुरती न राहता श्वानाकडून महिनोन् महिने करवून घेतलेल्या सरावातून आली पाहिजे.

कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासह अनेक देशांतून व्यापारासाठी येणाऱ्या कुत्र्यांना बंदी केली, परंतु मालकासोबत येणाऱ्या स्वतःच्या श्वानाला तिची झळ लागत नाही; आणि आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येत असल्याने, श्वानासह जाणाऱ्या वृद्धास आजमितीस तो देश मला सर्वांत सोयीचा दिसतो. जपान १८० दिवसांची प्रतीक्षा मागतो. ऑस्ट्रेलियाने भारताला मान्य देशांच्या यादीत घेतलेलेच नाही. श्वानाला आधी एखाद्या मान्य देशात नेऊन ठेवणे हाच तेथे जाण्याचा मार्ग, आणि सत्तरीच्या मनुष्याला तो मी कदापि सुचवणार नाही.

आता ज्या गोष्टीविषयी माझे मत सर्वांत दृढ आहे, तिच्याकडे येतो. आपल्याकडचे बहुसंख्य आईवडील परदेशी स्थायिक होत नाहीत. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा बहुधा एका वेळी सहा महिन्यांचे वास्तव्य देतो, म्हणून उन्हाळ्यात तिकडे आणि थंडीत इकडे अशी त्यांची येजा चालू राहते. सेवाश्वानासह ही येजा करू नये. प्रत्येक खेपेस भारताच्या नावाची जोखीम नव्याने लागू होते, प्रत्येक खेपेस दाखले, निगाकेंद्र, दीर्घ उड्डाण यांचा फेरा होतो, आणि परतीचा मार्गही मोकळा नाही. सीमाशुल्क खात्याने २०१३ साली स्पष्ट केलेल्या धोरणानुसार, प्रवासी सामान म्हणून पाळीव प्राणी आणण्याची, आणि तेही दोनच, मुभा दोन वर्षांच्या अखंड परदेशवासानंतर निवास बदलून भारतात येणाऱ्यास आहे. इतरांना परवान्याच्या वाटेने जावे लागते. म्हणून अल्पकाळासाठी श्वान नेणाऱ्याने, तो येथूनच गेला होता हे सिद्ध करणारे सारे दस्तऐवज जपावेत आणि परतीच्या अटींचा लेखी खुलासा प्रयाणापूर्वीच संगरोध कार्यालयाकडून घ्यावा. श्वानासह राहायचे असेल तर एकदाच जावे आणि दीर्घकाळासाठी जावे. नपेक्षा मुलांनीच इकडे यावे. मुलांची गैरसोय या हिशेबात आईवडिलांच्या स्वातंत्र्यापेक्षा जड धरली जाते, हे मला मान्य नाही.

वयाचा प्रश्न दुहेरी आहे. श्वान साधारणतः आठ ते दहा वर्षांचा होईपर्यंतच काम करतो. आठव्या वर्षी त्याला नेले तर तो नव्या देशात पोचून वर्षा-दोन वर्षांत स्वतःच निवृत्त होतो आणि मालक परक्या भूमीवर पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. नव्या देशातले हिम, सरकते जिने, उलट्या बाजूने धावणारी वाहने, यांची सवय चार वर्षांच्या श्वानाला लागते, नवव्या वर्षी ती लावणे क्रूरपणाचे होते. 'थांब', 'बस', 'डावीकडे' या मराठी आज्ञा तेथे बदलाव्या लागत नाहीत, कारण श्वान ऐकतो तो मालकाचे. मात्र मालक रुग्णालयात पडला तर सून किंवा जावई त्या आज्ञा बिनचूक देऊ शकतील, एवढी तयारी घरात आधीच झालेली असावी. ज्याचा श्वान वृद्ध झाला आहे त्याने त्याला येथेच विश्वासू घरी ठेवून, परदेशात कायम निवासी झाल्यावर तेथील संस्थेकडे अर्ज करणे अधिक न्यायाचे. 'द सीइंग आय' पहिल्या श्वानासाठी आजही केवळ १५० डॉलर घेते, आणि वार्धक्य हे श्वान नाकारण्याचे कारण बहुतेक चांगल्या संस्था मानत नाहीत. प्रतीक्षा मात्र दीर्घ असू शकते.

येथे काय व्हावे? दिव्यांग अधिनियमाखालील नियमांत सेवाश्वानाची व्याख्या यावी, आणि त्याच्या शिक्षणाची परीक्षा घेऊन दाखला देणारी यंत्रणा उभी राहावी. त्यासाठी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आणि राष्ट्रीय अंध संघ या तिघांची बैठक घडवण्यास कोणाची फार मोठी मंजुरी लागत नाही. तिन्ही संस्था एकमेकींपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्यत्व मिळवणारी एक जरी शाळा मुंबईत निघाली, तरी ब्रिटनच्या दारावरची सर्वांत मोठी हरकत दूर होईल, आणि जे कधीच परदेशी जाणार नाहीत अशा शेकडो वृद्धांना त्याचा लाभ येथेच मिळेल.

एक तजवीज मात्र प्रत्येकाने प्रयाणापूर्वीच केली पाहिजे, आणि तिच्याविषयी घरात बोलणे टाळले जाते. परदेशात मालकाचे निधन आधी झाले तर श्वान कोणाचा? कायदा त्याला मालमत्ता समजतो. तो स्वतः वारस होऊ शकत नाही. अमेरिकेच्या सर्व राज्यांत प्राण्याच्या निगेसाठी न्यास करता येतो. आपल्याकडे मृत्युपत्रात त्याला नावानिशी एखाद्या व्यक्तीकडे सोपवून, त्याच्या खर्चासाठी रक्कम तिच्याच नावे ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. चिपेच्या नोंदीत, लशीच्या पुस्तिकेत आणि संगरोधाच्या दाखल्यावर मालकाचे नाव पारपत्राप्रमाणेच आहे ना, हे ताडून पाहावे, आणि जो पुढे त्याला सांभाळणार आहे त्याची लेखी संमती त्याच कागदांच्या पुडक्यात ठेवावी.